वॉलपेपर पुन्हापुन्हा निघतो? रोल बदलण्याआधी भिंत तपासा

"ताई, पेपर पुन्हा निघून राहिला." पाऊस सरत आला की हे वाक्य मला फोनवर हमखास ऐकू येतं, आणि मे महिन्यात परत एकदा. नागपुरात वॉलपेपर लावायचं काम मी 14 वर्षं करते आहे; त्याआधी वडिलांबरोबर रंगकामावर जायची. निघालेला, फुगलेला, काळा पडलेला पेपर बघायला आजवर जितक्या घरी गेले, त्यातल्या बहुतेक घरांत पेपर चांगला होता, गोंदही बरा होता. भिंत तयार नव्हती. लोक मात्र आधीपेक्षा महाग रोल आणतात, दुसरा माणूस बोलावतात आणि त्याच भिंतीवर परत लावतात. सहा महिन्यांत पुन्हा तेच.

मानेवाड्यातल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीमागच्या भिंतीवर दोन वर्षांत दोनदा पेपर लागला होता. तिसरे रोल घरात येऊन पडले होते, तेव्हा मला बोलावलं. मी कोपऱ्यातला सुटलेला पट्टा धरला आणि हळू ओढला. तो वरपासून खालपर्यंत एका ओढीत हातात आला, कुठे अडला नाही. उलटा करून उजेडात धरला तर पाठीवर पांढरा थर, पुरीच्या पापुद्र्याएवढा जाड. अंगठ्याने घासला तर त्याचं पीठ झालं, आणि त्या पिठाच्या मागच्या बाजूला फिकट गुलाबी रंग लागलेला दिसला. तो गुलाबी रंग जुन्या डिस्टेंपरचा. म्हणजे पेपराने गोंद धरला होता, गोंदाने पुट्टी धरली होती. पुट्टी मात्र डिस्टेंपर न खरवडता तशीच वरून ओढलेली होती, तिने भिंत धरलीच नव्हती. त्या घरातल्या काकू दोन वर्षं पेपरवाल्या दुकानाला दोष देत होत्या.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. तपासण्या फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर, अशा क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. अर्ध्याहून जास्त वेळा दोष पहिल्या तीन-चार तपासण्यांतच सापडतो आणि पुढचं फोडकाम वाचतं.

लक्षणं

पट्ट्यांचे सांधे उघडतात, दोन पट्ट्यांमध्ये भिंतीची बारीक रेघ दिसते. कडा आतल्या बाजूला वळतात, बहुतेक वेळा छताजवळ किंवा खिडकीच्या शेजारी. मधेच फुगे येतात. काही दाबले की बसतात आणि दुसऱ्या दिवशी परत उठतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा पेपर सुटतो आणि वरचा शाबूत राहतो. पिवळट-तपकिरी डाग, ज्याची कड गडद आणि मध्य फिकट असतो. काळे ठिपके आणि कुबट वास. प्लास्टिकचा थर असलेल्या व्हिनाइल पेपरावर कधीकधी गुलाबी-जांभळे डाग येतात, ते पुसून जात नाहीत. ते मागच्या बुरशीचे असतात. पेपरावरून हात फिरवला की आत रवा पसरल्यासारखी कचकच लागते. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीचे उंचवटे आणि पुट्टी ओढायच्या पत्र्याचे ओरखडे पेपरातून वर दिसतात. आणि आडवी-तिरपी भेग, जी पेपराला आतून चिरत जाते.

पहिली तपासणी: निघालेल्या पेपराची पाठ

याला एक पैसा लागत नाही आणि सगळ्यांत जास्त कळतं ते इथेच. सुटलेला तुकडा फेकू नका, परत चिकटवूही नका.

पाठीवर पांढरी पूड असेल तर पुट्टी, चुना किंवा डिस्टेंपर सैल आहे. रंगाचे पापुद्रे असतील तर जुना रंग भिंत सोडतो आहे. पेपराची पाठ जवळजवळ स्वच्छ आणि भिंतीवर गोंदाचा कडक, वाळलेला थर असेल तर पेपर बसायच्या आधीच गोंद वाळला होता. याच्या उलट, गोंद सगळा पेपरावर आणि खालची भिंत चकचकीत कोरी असेल तर खाली ऑइलपेंट आहे, तेलकटपणा आहे किंवा धूळ पुसली नव्हती. पेपर लावून तीन-चार आठवडे झाले तरी गोंद बोटाला चिकटत असेल, तर एक तर भिंत ओली आहे किंवा गोंदातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. व्हिनाइल पेपर पुढून बंद आणि ऑइलपेंट मागून बंद; मधलं पाणी जाणार कुठे?

तुकडे दोन-तीन ठिकाणचे घ्या. खिडकीजवळचं कारण एक आणि जमिनीजवळचं दुसरं, असं पुष्कळदा निघतं.

दुसरी: पेपर लागला तेव्हा पंखा चालू होता का?

हा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात, पण एप्रिल-मेमध्ये लावलेल्या पेपराचा सांधा उघडला असेल तर मी आधी हेच विचारते. बाहेर 44-45 अंश, घरात भिंत तापलेली, कामगार घामाघूम, म्हणून पंखा फुल्ल आणि कूलर चालू. कागदी पाठीचा पेपर गोंद लावल्यावर ओला होऊन थोडा रुंदावतो आणि वाळताना आखडतो. वाऱ्याने कडा आधी वाळल्या की गोंदाने पकड घ्यायच्या आत पट्टा आखडतो आणि सांधा उघडा पडतो. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या तंतूंच्या पाठीचा पेपर असा फारसा रुंदावत नाही, तिथे त्रास कमी असतो. पण भिंतीवरचा गोंद वाळायचा धोका तिथेही असतोच.

उपाय सोपा आहे. पेपर लावताना आणि पुढचे 24 तास पंखा, कूलर, एसी बंद, खिडक्या लोटलेल्या. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सातला सुरू करून अकरापर्यंत आटपा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागला की मी काम घेतच नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, पण माझा नाइलाज आहे. आपल्याकडे या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

तिसरी: काळं कापड आणि सेलोटेप

भिंतीवरून कोरडं काळं किंवा गडद निळं कापड दाबून फिरवा. कापड पांढरं झालं तर भिंत पूड सोडते आहे. थोडीशी धूळ असेल तर ओल्या कापडाने दोनदा पुसा, वाळू द्या, परत तपासा. दुसऱ्या वेळी कापड कोरं आलं तर एवढ्यावर भागलं.

तरीही पांढरं येत असेल तर सेलोटेप घ्या. कटरने भिंतीवर बोटभर लांबीची फुली मारा, त्यावर टेपचा तुकडा नखाने घासून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपवर फक्त धुळीची पुसट रेघ आली तर वरवरची गोष्ट आहे. पापुद्रा आला, फुलीच्या कोपऱ्यांतून रंग उचलला गेला, तर त्या भिंतीवर काहीही लावू नका. हॉलच्या एका भिंतीवर किमान पाच ठिकाणी करून बघा: वर, खाली, मध्ये, खिडकीशेजारी, स्विचबोर्डशेजारी.

इथे एक चूक फार होते. सैल पुडीवर प्रायमर मारला की ती घट्ट बसेल, असं रंगारी सांगतो. प्रायमर वरचा थर बांधतो, खालचा नाही. पुडीवर एक कडक साय तयार होते आणि पेपर वाळताना ओढ बसली की ती साय पुडीसकट निघते. मानेवाड्याला प्रायमरच्या जागी पुट्टी होती, पण झालं होतं हेच. सैल आहे ते पत्रा घेऊन खरवडायचं, खणखणीत भिंत लागेपर्यंत. डिस्टेंपर पाणी मारून दहा मिनिटं भिजवलं तर साबणासारखं मऊ होतं आणि पत्र्याने पट्ट्यांनी निघतं. पाणी मारण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा आणि स्विचबोर्डच्या आसपास फवारा मारू नका.

पुट्टी पिठासारखी का होते, तेही सांगते, कारण नागपुरात ही तक्रार फार आहे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्याने घट्ट होते. तापलेल्या, तहानलेल्या प्लास्टरवर ती कोरडी ओढली की भिंत तिच्यातलं पाणी अर्ध्या तासात पिऊन टाकते. पुट्टी वाळते, पण पकत नाही. म्हणून आधी भिंतीवर हलकं पाणी शिंपडून ती ओलसर करायची आणि मग पहिला हात ओढायचा. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची. घट्ट झाली म्हणून वरून पाणी घालून परत ढवळलेली पुट्टी भिंतीवर नेऊ देऊ नका. दोन हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खड्डा त्याहून खोल असेल तर तो सिमेंटने भरायचा, पुट्टीने नाही.

चौथी: पाण्याचा थेंब

बोटं पाण्यात बुडवून भिंतीवर शिंतोडे मारा. थेंब पडताक्षणी गडद डाग होऊन नाहीसा झाला तर भिंत फार शोषते आहे, गोंदही असाच पिऊन टाकेल. पाच मिनिटांनीही थेंब मण्यासारखा चकाकत असेल तर भिंत बंद आहे. अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू मुरला तर मी समाधानी असते.

फार शोषणाऱ्या भिंतीला पाण्याचा अॅक्रिलिक प्रायमर एक हात, रात्रभर वाळवून मग पातळ गोंदाचा एक हात. त्या पातळ गोंदाला आम्ही साइझिंग म्हणतो. त्याने पेपर भिंतीवर सरकवून सांधा जुळवता येतो. प्रायमरमध्ये डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी घालून तो पुरवायचा, ही काटकसर महागात पडते.

ऑइलपेंटची भिंत जुन्या घरांत, विशेषतः जिन्यात आणि स्वयंपाकघरात, खांद्याच्या उंचीपर्यंत असते. तिला 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक मारावी लागते. इथे जरा थांबा. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 भाग प्रति दशलक्ष या मर्यादेत ठेवण्याचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की ती पूड श्वासात जाते. लहान मुलांना ती सर्वांत घातक. म्हणून जुना ऑइलपेंट नेहमी वॉटर पेपरने, पाणी लावून घासा, तोंडाला साधा रुमाल नको तर चांगला मास्क बांधा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवू नका आणि निघालेला चिखल वर्तमानपत्रात गोळा करून पिशवीत बंद करा.

स्वयंपाकघराची किंवा त्याला लागून असलेली भिंत फोडणीच्या तेलाने चिकट असते, डोळ्यांना दिसत नसली तरी. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा. सोडा भिंतीवर राहिला तर तोही गोंदाला बाधतो.

जुन्या वॉलपेपरवर नवा लावायचा मोह टाळा. नव्याच्या गोंदाने जुना भिजतो आणि दोन्ही एकत्र खाली येतात.

पाचवी: टॉर्च आणि मूठ

रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला गाल लावून धरावा तसा आडवा धरा. दिवसा सपाट दिसणारी भिंत डोंगर-दऱ्या दाखवते. सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण करा, पुट्टी लावा, 220 च्या पॉलिश पेपरने घासा. चमकदार आणि एकरंगी पेपर सर्वांत जास्त दोष दाखवतो. जाड पोताचा किंवा मोठ्या नक्षीचा पेपर पुष्कळ झाकतो. भिंत फार वाकडी असेल तर मी लोकांना पेपर बदलायला सांगते, ते स्वस्त पडतं.

मग बोटांच्या पेरांनी सगळी भिंत ठोका. घट्ट प्लास्टर टणटण वाजतं, सुटलेलं बद्द. बद्द जागेभोवती पेन्सिलने गोल करत जा. वाटीएवढे एक-दोन गोल असतील तर तेवढं फोडून भरता येतं. ताटाएवढे असतील, किंवा दाबल्यावर प्लास्टर हलत असेल, तर पेपराचा विचार सोडा आणि प्लास्टरच्या मिस्त्रीला बोलवा. असं प्लास्टर झोपलेल्या माणसावर पडू शकतं.

सहावी: ओल

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण नागपूरची भिंत ओलीच्या बाबतीत फसवते.

आपल्याकडे वर्षाला 1,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले महिने कोरडे आणि उन्हाळा भट्टीसारखा. त्यामुळे मे महिन्यात कुठल्याही भिंतीला हात लावा, ती ठणठणीत कोरडी लागते. डाग फिके पडलेले असतात, फुगवटा बसलेला असतो. मालक म्हणतो, "वल होती, पण आता गेली." तो रंगवतो, पेपर लावतो. ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या भिंतीवर आठवडाभर पाऊस झोडपतो आणि पेपर खाली येतो. पेपर पावसाळ्यातच निघत असेल तर उन्हाळ्यातल्या तपासणीवर विश्वास ठेवू नका. सप्टेंबरमध्ये तपासा, ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती करा आणि हिवाळ्यात पेपर लावा.

तपासायला जाड पारदर्शक प्लास्टिकचा 45 सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि चारही कडा टेपने हवाबंद करून भिंतीला चिकटवा. एक पूर्ण दिवस आणि रात्र ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं किंवा खालची भिंत गडद झाली तर पाणी भिंतीतून येतं आहे. बाहेरच्या बाजूला ओलसरपणा आला तर खोलीतली हवा दमट आहे. या दोन दोषांचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी चुकवू नका.

हवा दमट असण्याचं आपल्याकडचं कारण म्हणजे कूलर. खिडकीतला कूलर दिवसभर चालतो, समोरची खिडकी "हवा बाहेर जाते" म्हणून बंद असते. पाण्याची वाफ खोलीतच राहते आणि कपाटामागच्या, पलंगामागच्या भिंतीवर बसते. त्रिमूर्तीनगरच्या एका बेडरूममध्ये काळे ठिपके बरोबर पलंगाच्या डोक्याकडच्या पाटीच्या आकारात होते. पाटी हलवली तर तिची पाठही काळी. तिथे भिंतीत काही दोष नव्हता. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सांगितलं आणि पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. बुरशी खरवडून, पुसून, वाळवून पुढल्या हिवाळ्यात पेपर लावला. बुरशीला ब्लीचिंगचं पाणी लावत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात टॉयलेट साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कूलरचा दुसरा त्रास खिडकीखाली असतो. टाकी ओसंडते, वाळ्याच्या जाळीवरून पाणी आत उडतं, उंबऱ्याचा उतार आतल्या बाजूला असतो. खिडकीच्या खाली त्रिकोणी ओल दिसली की आधी तिथे बघा. उतार बाहेर काढून आणि चौकटीतली फट बुजवून हे मिटतं.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर डाग कधी वाढतो त्याची तारीखवार नोंद ठेवा. पावसानंतर एक-दोन दिवसांत वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. बारा महिने सारखाच असेल तर आतली पाइपलाइन. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी परत बघा, पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. मीटर हलला नाही आणि मागे बाथरूम असेल तर फरशीचे सांधे आणि सांडपाण्याचा पाइप संशयित. जमिनीपासून दोन-तीन फुटांचाच पट्टा बारा महिने ओला असेल तर पाणी पायातून वर चढतं आहे. जोत्याची ओलरोधक पट्टी नसलेल्या जुन्या घरांत हे होतं.

त्या खालच्या पट्ट्यावर पांढरे, कापसासारखे स्फटिक दिसले तर तो लोणा. तो ओल्या कापडाने पुसू नका; क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ताठ ब्रशने झाडून, खाली पसरलेल्या कागदावर गोळा करून टाकून द्या. दोन आठवड्यांत परत आला तर पाणी अजून चालू आहे. आतून वॉटरप्रूफ रंग मारून ते थांबत नाही. ओल आणखी वर चढते आणि पुढच्या फुटावर बाहेर पडते. पुट्टी, पेपर, रंग, लोण्यावर काहीही टिकत नाही. उगम बंद करायचा आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवायची.

नव्या घराची गोष्ट वेगळी. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर भागात ताबा मिळाल्या मिळाल्या लोक पेपर लावायला बोलावतात. नव्या सिमेंट प्लास्टरला किमान 28 दिवस द्यायलाच हवेत, पण मी तेवढ्यावर थांबत नाही. प्लास्टरमध्ये पाणीही असतं आणि क्षारीपणाही, आणि त्याने पेपराचे रंग उडतात. पावसाळ्यात झालेल्या प्लास्टरला तर दिवाळीपर्यंत हात लावत नाही. तोवर प्रायमर आणि साधा रंग द्या, राहायला जा.

सातवी: भेगा

नागपुरातल्या पुष्कळ वस्त्या काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते आणि तिच्याबरोबर हलक्या पायाचं घरही हलतं. केसाएवढी जाळीदार भेग प्लास्टरची असते, ती पुट्टीने भरते. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू जाऊ द्या. रेघेच्या पुढे सरकली नाही तर ती व्ही आकारात उघडून, भरून, वर जाळीची पट्टी लावून मग पुट्टी ओढता येते. सिमेंटचा खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली उभी भेगही जाळीशिवाय भरू नका.

थांबायचं कुठे

ओल्या भिंतीला किंवा स्विचला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनलाच बोलवा, त्याच दिवशी. बाकी सगळं नंतर.

भेग 3 मिलिमीटरहून रुंद असेल, खुणेच्या पुढे सरकली असेल, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल किंवा तिच्याबरोबर दार चौकटीत अडकायला लागलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर. मिस्त्री नाही, रंगारी नाही, मीही नाही. भेग भरून देणारे खूप भेटतील. ती का पडली ते सांगणारा माणूस आधी हवा.

मीटर रात्रभर सरकत असेल आणि गळती सापडत नसेल तर भिंत अंदाजाने फोडू नका. पाइपात दाब भरून तपासणारा प्लंबर बोलवा. ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर तुमच्या बाजूने काहीच करण्यासारखं नाही, सोसायटीला लेखी कळवा.

बुरशी एका चौरस मीटरहून जास्त पसरली असेल किंवा घरात दम्याचा माणूस असेल तर स्वतः खरवडू नका.

महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांत चुन्याच्या भिंती आहेत. नाण्याने खरवडल्यावर मऊ पांढरं निघालं आणि आत वाळू-चुना दिसला तर त्यावर सिमेंटची पुट्टी आणि व्हिनाइल पेपर लावू नका. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्याला बंद केलं की तो आतून कुजतो. अशा घरात मी काम नाकारते आणि चुन्याचंच काम जाणणाऱ्या माणसाकडे पाठवते. तसे हात आता कमी उरले आहेत, पण आहेत.

सगळं जमल्यावर

पुट्टी घासून झाली, प्रायमर वाळला, काळं कापड कोरं आलं की ओळंब्याने एक उभी रेघ मारा. भिंतीचा कोपरा सरळ असेल असं धरून चालू नका, तो नसतोच. पहिला पट्टा त्या रेघेला लागला पाहिजे.

आपल्याकडे मिळणारा नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब असतो, म्हणजे 57 चौरस फुटांचा. 10 बाय 10 फुटांच्या भिंतीला सहा पट्टे, दोन रोल. नक्षी जुळवायची असेल तर तिसरा लागतो. पण सगळे पट्टे एकदम कापू नका. भिंतीवरची तुमच्या मते सर्वांत वाईट जागा निवडा, जिथे आधी पेपर निघाला होता तीच. तिथे हातभर तुकडा लावा आणि आठ दिवस विसरून जा. आठव्या दिवशी कोपरा नखाने उचलून ओढा. सहज आला तर पाठ बघा आणि पहिल्या तपासणीपासून परत सुरुवात करा. न उघडलेले रोल दुकानदार बहुधा परत घेतो, बिल जपून ठेवा. ओढताना कागदच फाटला आणि त्याची पाठ भिंतीवर राहिली, तर तो तुकडा पाण्याने भिजवून काढा, जागा घासून सपाट करा आणि उरलेला रोल उघडा.